गिल्बर्ट हिल ‘जगातल्या तीनपैकी एक’ नाही, आणि तिला त्याची गरजही नाही

अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा फोटो आणि खाली हा मजकूर पुन्हा फिरतोय: ‘असे खडक जगात तीनच, उरलेले दोन अमेरिकेत. डायनासोरांचा अंत पाहिलेली टेकडी. मुंबई नुसता लाव्हा, त्यामुळे इथे जीवाश्म नाहीत. टेकडी आता संरक्षित आहे, काळजी नसावी.’ लोक प्रेमानेच पाठवतात, पण मजकूर खरा नाही.

‘तीनच’ कुठून आलं? थंड होताना लाव्हा आकसतो, पृष्ठभागावर तडे जातात आणि आतला भाग निवेल तसे ते खोल उतरतात. त्यातून बहुकोनी खांब सुटतात. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला असे हजारो खांब आहेत, आपल्या उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरही आहेत. मजकुरातल्या अमेरिकेतल्या दोनपैकी डेव्हिल्स टॉवर तर गिल्बर्ट हिलसारखा बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या काळ्या खडकाचा, नाहीच; तो फोनोलाइट या वेगळ्या ज्वालामुखी खडकाचा आहे. दुसरा, डेव्हिल्स पोस्टपाइल, एक लाख वर्षांचाही नाही. ही भावंडं कसली?

डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. गिल्बर्ट हिलचा खडक साधारण ६ कोटी वर्षांचा, म्हणजे कित्येक लाख वर्षांनी धाकटा.

जीवाश्मांबद्दलचं विधान मला सर्वात खटकतं. लाव्हाचे लोट सलग आले नाहीत. मधल्या शांत काळात इथे उथळ पाणी साचलं, गाळ बसला, त्यात बेडूक आणि कासवं होती. वरळीच्या टेकडीत त्या गाळाचा थर सापडला. त्यातल्या चिमुकल्या बेडकाचं वर्णन ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये छापलं. आज तो इंडोबॅट्राकस म्हणून ओळखला जातो. कासवाची नोंद भूवैज्ञानिक हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये केली. मुंबईच्या पोटातलं हे तळं किती मुंबईकरांना माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात ते यायला हवं.

आणि ‘काळजी नसावी’? महापालिकेने २००७ मध्ये टेकडीला ग्रेड दोनचा वारसा दर्जा दिला. पण त्याआधी खडी-दगडासाठी आजूबाजूचा भाग फोडून नेला होता. आज दिसतो तो सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा सुळका आणि माथ्यावर गावदेवी-दुर्गामातेचं मंदिर. पायथ्याशी उभं राहून वर पाहा: खांबांच्या उभ्या भेगा स्पष्ट दिसतात, आणि घरं अगदी खडकाला टेकलेली. त्या भेगांत पावसाचं पाणी शिरतं. खडकाची नियमित तपासणी आणि पायथ्याच्या खोदकामावर कडक बंदी, या दोन गोष्टी पालिकेकडे मागायला हव्यात.