'पण मुलींना आवडतं ना ते?'

मोठी पोस्ट आहे आणि विषय पॉर्नचा, म्हणजे असा की लाईक करायच्या आधी बरेच जण मागे कोण उभं आहे ते बघतील. चालेल. लाईक नको, वाचा फक्त.

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. २२ वर्षांचा आहे, नुकताच नोकरीला लागलाय, गरीब स्वभावाचा पोरगा, कधी कुणावर आवाज चढवलेला मी तरी ऐकला नाहीये. "मामा, एक विचारू? चिडू नकोस आणि आईला सांगू नकोस." मला वाटलं पैसे हवे असतील. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसला आणि मग एका दमात सांगून टाकलं, की मैत्रिणीबरोबर होता, दोघांच्या मर्जीने सगळं चाललं होतं, मधेच याने तिचा गळा दाबला, ती घाबरली, रडली, निघून गेली आणि तेव्हापासून फोन उचलत नाहीये. मी म्हटलं अरे गाढवा, गळा कशाला दाबायचा? तर म्हणे, "मला वाटलं आवडतं. म्हणजे, मुलींना आवडतं ना ते?"

मुलींना. याच्या आयुष्यात आलेली ही पहिलीच मुलगी. मग बाकीच्या कुठल्या मुलींना विचारून आला होता हा? मला लगेच कळलं, कारण मी पण काही धुतल्या तांदळासारखा नाहीये. आमच्या वेळी हातोहात फिरणारी सीडी होती, याच्या खिशात फोन आहे. सीडी निदान परत द्यावी लागायची.

या विषयावर वाद सुरू झाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते पॉर्नमुळेच बलात्कार होतात, बंद करा सगळं. दुसरी म्हणते करोडो लोक बघतात, ते सगळे काय बलात्कारी आहेत का. हे भांडण जुनं आहे. अमेरिकेत १९७० मध्ये सरकारी आयोग म्हणाला की गुन्ह्यांशी संबंध असल्याचा पुरावा सापडत नाही, तो अहवाल राष्ट्राध्यक्ष निक्सननी झिडकारला. १९८६ मध्ये दुसरा आयोग म्हणाला की हिंसक पॉर्नचा संबंध आहे, तर काही संशोधकच ओरडले की आमच्या अभ्यासातून एवढा मोठा अर्थ निघत नाही हो. डेन्मार्कने १९६९ मध्ये सगळं मोकळं केलं, त्यानंतर तिथे बलात्कारांची लाट वगैरे काही आली नाही. नील मालामुथ म्हणून एक संशोधक आहे ज्याने या विषयात अनेक वर्षं घातलीयेत, त्याचं म्हणणं साधारण असं की ज्याच्या मनात बायकांबद्दल आधीच राग साठलेला आहे आणि ज्याला सेक्समध्ये जवळीक वगैरे नकोच असते, अशा माणसाच्या बाबतीत जास्त पॉर्न धोक्याचं, बाकी बहुतेकांमध्ये तसा संबंध दिसत नाही. म्हणजे गवत आधी वाळलेलं लागतं, मग काडी. मला पटतं हे.

पण मग माझा भाचा? त्याच्या मनात कसलाच राग नाही. दोन्ही पार्ट्या बलात्कारी शोधत बसल्यात, याच्यासारख्याचं काय करायचं ते कुणीच सांगत नाही.

वाचता वाचता मला १९८१ चा एक प्रयोग सापडला, डॉनरस्टाइन आणि बर्कोविट्झ या दोघांचा, आणि तेव्हापासून मी याकडे वेगळं बघायला लागलोय. कॉलेजच्या मुलांना फिल्म दाखवली, तिच्यात एका मुलीवर जबरदस्ती होते. फिल्म तीच, शेवट दोन. एकात तिला त्रास झालेला दिसतो, दुसऱ्यात शेवटी तिला आवडलं असं दाखवलंय. नंतर या मुलांना एका बाईला विजेचा शॉक द्यायला सांगितलं (शॉक खरा लागत नव्हता, त्यांना माहीत नव्हतं). ज्यांना आधी मुद्दाम चिडवलं होतं त्यांनी दोन्ही शेवटांनंतर जोरात शॉक दिले, ठीक आहे, रागात होते. पण जे चिडलेले नव्हतेच, शांत बसले होते, त्यांच्यात फक्त तो 'आवडलं' वाला शेवट बघितल्यावर शॉक वाढले. आणि तो शेवट बघणाऱ्यांना असंही वाटलं की तिला फार त्रास झाला नसावा आणि जे झालं त्यात तिचीही जबाबदारी होतीच.

आता लॅबमधलं बटण आणि खरं आयुष्य यात खूप अंतर आहे, मान्य. तरी बघा ना, जबरदस्ती तेवढीच. शेवटी तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं, फरक तेवढ्याने पडला.

२०१० मध्ये ॲना ब्रिजेस आणि सहकाऱ्यांनी लोकप्रिय पॉर्न फिल्ममधले ३०४ सीन मोजले. ८८ टक्के सीनमध्ये काही ना काही शारीरिक आक्रमकता, चापटी, केस ओढणं, गळा धरणं. ती झेलणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. आणि त्या बायका काय करतात? एकतर खूश होतात नाहीतर काहीच करत नाहीत. याच्या आधी २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲलन मॅकी यांनी असंच मोजलं होतं, त्यांना हिंसा जेमतेम २ टक्के सीनमध्ये सापडली. कुठे ८८ आणि कुठे २! मला आधी वाटलं कुणीतरी चुकलंय. तर भानगड व्याख्येची आहे. मॅकींच्या हिशेबात समोरची व्यक्ती ते टाळायचा प्रयत्न करत असेल तरच हिंसा, आणि पॉर्नमध्ये बाई टाळायचा प्रयत्न करतच नाही, मग ती हिंसा मोजणार कशी? मी दोन दिवस यावर विचार करत होतो. माझा भाचा कुठलीही व्याख्या न वाचता याच हिशेबाने चालला होता.

इथे कुणीतरी म्हणेल की काहींना खरंच आवडतं. असेल की. ज्यांना आवडतं ते आधी बोलतात, थांबायचा शब्द ठरवतात. नीट चालणाऱ्या शूटिंगमध्येसुद्धा आधी यादी होते, काय चालेल काय नाही, कॅमेरा सुरू व्हायच्या आधी बोलणं होतं. पण ते एडिटिंगमध्ये उडतं. आणि बघणाऱ्या पोराला वाटतं की असं बोलणं नसतंच, थेट हात घालायचा असतो. (गळ्याचं म्हणाल तर सांगून केलं तरी ते सेफ नाही. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध पडतो. हे भाच्याला माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा फोनवर इतका वेळ शांतता होती की मला वाटलं कट झाला.)

आणि ते 'काहीच करत नाहीत' आहे ना, ते मला जास्त टोचतं. स्टॉकहोमच्या एका क्लिनिकमध्ये बलात्कारानंतर आलेल्या २९८ बायकांचा अभ्यास २०१७ मध्ये आला, त्यातल्या ७० टक्के बायकांचं शरीर त्या वेळी बऱ्यापैकी थिजलं होतं. हलता येत नाही, ओरडता येत नाही. आणि आपण विचारतो ओरडली का नाही. आता असा मुलगा डोळ्यासमोर आणा ज्याने वर्षानुवर्षं गप्प पडून असलेली बाई म्हणजे 'चाललंय, मजेत आहे' असंच बघितलंय. समोरची थिजली तर त्याला कळणार कसं? भाच्याची मैत्रीण रडली म्हणून त्याला कळलं तरी. ती नुसती गप्प राहिली असती तर हा आनंदात घरी आला असता, आणि मला तो फोन कधीच आला नसता.

बंदीचं बोलायचं तर ब्रिटनने जुलै २०२५ पासून साइटवर वय तपासणं सक्तीचं केलंय, लोकांनी ते चुकवायला लगेच व्हीपीएन (आपण कुठल्या देशात आहोत ते लपवणारं ॲप) घेतले. तरी मला ते चुकीचं वाटत नाही, पोरं शाळेत असतानाच हे बघायला लागतात, थोडा उशीर झाला तरी बरंच. फक्त माझ्या भाच्याला याचा काही उपयोग नाही, त्याचं बघून झालंय. आणि त्याच्याशी या विषयावर बोलणारा पहिला माणूस मी, तेही रात्री साडेअकराला, तेही निस्तरायला. तो १४ चा असताना घरात टीव्हीवर किसिंग सीन लागला की रिमोट शोधायला पळणारा पण मीच होतो.

त्या रात्री तो मेसेजचा ड्राफ्ट वाचून दाखवायला लागला. "सॉरी, मला वाटलं तुला आवडेल." म्हटलं दुसरं वाक्य काढ. म्हणे पण ते खरं आहे मामा. म्हटलं खरं आहे, तरी काढ, ती तुझी अडचण आहे, तिची नाही. मग "सॉरी पण माझा हेतू" आला. म्हटलं 'पण' काढ, 'हेतू' काढ. दीड वाजेपर्यंत आम्ही काढतच होतो. शेवटी तीन ओळी उरल्या: मी तुला न विचारता तुझा गळा दाबला. तू घाबरलीस, ती माझी चूक. तुला बोलायचं नसेल तर मी परत मेसेज करणार नाही.

दोन निळ्या टिक्स आल्यात. उत्तर अजून नाही, आणि त्यानेही परत मेसेज केलेला नाही.