व्यसनं हे अर्धंच उत्तर

‘खडतर बालपण गेलेली माणसं सिगारेट-दारूकडे वळतात आणि म्हणून त्यांचं हृदय बिघडतं’ हे मी वाचलेल्या एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. 2004 साली अमेरिकेत 17 हजारांहून जास्त प्रौढांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात खडतर बालपण आणि हृदयविकार यांना जोडणाऱ्या दुव्यात धूम्रपान, लठ्ठपणा, मधुमेह या नेहमीच्या कारणांपेक्षा नैराश्य आणि राग यांचा वाटा मोठा दिसला होता. सतत धास्तीत वाढणाऱ्या पोराच्या अंगात ॲड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वारंवार उसळतात, नाडी पळते, रक्तदाब चढतो. वर्षानुवर्षं हेच चाललं तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्याची झळ बसते, मग सिगारेट ओढा नाहीतर ओढू नका.

मी स्वतः कधी ओढली नाही. दारू नाही, वजनही आटोक्यात. तरी 36व्या वर्षी रक्तदाब 150/100 निघाला. डॉक्टरांनी मीठ विचारलं, झोप विचारली, घराण्यात कुणाला आहे का तेही विचारलं. लहानपणाबद्दल चकार शब्द नाही. आम्ही भावंडं वडिलांची किल्ली कुलपात कशी फिरते यावरून रात्र कशी जाणार ते ओळखायचो. हळू फिरली तर जेवण शांतपणे, खडखडली तर पुस्तकात डोकं घालून गप्प. अजूनही कुणी दार आपटलं की छातीत धडधडतं. (एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, कबूल. अनुवंशही असेल.) गोळी चालू आहे आणि ती हवीच. पण तपासणीच्या त्या लांबलचक फॉर्मवर बालपणाबद्दल एक ओळ घालायला काय हरकत आहे?