ॲस्टरिस्कमधून सिप काढलं? नाही हो

ॲस्टरिस्क म्हणजे ऑफिसचं फोन एक्स्चेंज कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर, आणि सिप म्हणजे नेटवर्कवरून कॉल जोडायची ठरलेली पद्धत, म्हणजे प्रोटोकॉल. 'ॲस्टरिस्क २१ मध्ये सिप बंद, जुने आयपी फोन भंगारात टाका, कमायलिओ घ्या' असं फिरतंय ते अर्धवट आहे. २०२३ च्या त्या व्हर्जनमधून गेला तो फक्त चॅन-सिप हा सिप हाताळणारा जुना ड्रायव्हर, प्रोटोकॉल नाही, आणि त्याच्या जागचा पीजेसिप तर १२ व्या व्हर्जनपासूनच आहे, फोन त्यावर रजिस्टर होतात. बदलायची ती कॉन्फिग फाइल, त्यासाठी स्क्रिप्टही सोबत मिळते (डोळे झाकून विश्वास ठेवू नका, नॅटच्या, म्हणजे राउटरमागचे फोन बाहेर जोडण्याच्या, सेटिंग स्वतः तपासा).

आणि कमायलिओ म्हणजे प्रॉक्सी, कॉल कुठे पाठवायचा एवढंच बघतो, व्हॉइसमेल नि 'मराठीसाठी एक दाबा' त्यात नाही. दहावीस एक्स्टेंशनच्या ऑफिसला ॲस्टरिस्कच बरं, स्क्रीनवरून चालवायचं तर वर फ्रीपीबीएक्स टाका.