छज्ज्यावरचा पिंपळ कोणाचा?

आमच्या मुलुंडच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, नुकतेच पार पडले आणि इमारत ‘सी-२ बी’ या वर्गात बसली. पालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ ए म्हणजे रहिवाशांना हलवून मोठी दुरुस्ती करा, सी-२ बी म्हणजे माणसे आत ठेवूनच दुरुस्ती करा आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. इमारतीला ३० वर्षे उलटली की मुंबईत ही तपासणी कायद्यानेच करून घ्यावी लागते, तेव्हा तिच्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. माझा राग आहे तो सूचनाफलकावर. तेथे माझ्या सदनिकेच्या क्रमांकासमोर सहा दोष टंकलिखित करून लावलेले आहेत, ते १५ दिवसांत ‘स्वतः किंवा एजन्सीमार्फत’ दूर करावेत असे लिहिलेले आहे, आणि लिफ्टची वाट पाहणारा प्रत्येक जण, वाचायला दुसरे काही नसल्यामुळे, ते मोठ्या आवडीने वाचतो. दूधवाल्यानेसुद्धा परवा मला नहाणी ट्रॅपबद्दल, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्याबद्दल, विचारले.

हे दोष शोधले एका कोवळ्या मुलाने. मुख्य अभियंते खाली स्टिल्टमधल्या, म्हणजे गाड्या लावायच्या मोकळ्या तळमजल्यावरच्या, खांबांवर रिबाउंड हॅमर हे काँक्रीटचा कठीणपणा मोजणारे उपकरण दाबून आकडे घेत होते आणि काँक्रीट खोदून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारत होते. काँक्रीट गुलाबी झाले तर ते अजून अल्कधर्मी आहे आणि आतली सळई तूर्त सुरक्षित आहे. रंग आलाच नाही तर कार्बोनेशन, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे अल्कधर्मीपणा जाणे, तिथवर पोहोचले आहे आणि सळईला गंज धरण्याची वाट मोकळी झाली आहे. हे सारे पाहण्यासारखे होते. माझ्या घरी मात्र आला तो हा साहाय्यक, हातात छोटी हातोडी आणि लाल खडू घेऊन. तो स्नानगृहातील फरश्या एकेक करून ठोकायचा, कान द्यायचा, माझ्याकडे पाहून “पोकळ” म्हणायचा आणि फुली मारायचा. हा शब्द त्याने इतक्या वेळा आणि इतक्या थेट नजरेने उच्चारला की शेवटी मी बाहेर जाऊन बसलो.

स्वतः काय करायचे आणि माणूस कशाला बोलवायचा, हे ठरवणे वरकरणी सोपे वाटते. जे जमते ते करावे, उरलेल्यासाठी पैसे मोजावेत. प्रत्यक्षात मात्र जमण्या-न जमण्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नाही. लहान कामाला कोणी येत नाही आणि मोठे काम आपल्याला येत नाही, अशी ती विभागणी असते. नळाचा वॉशर बदलायला प्लंबरला फोन केला, तर तो “एवढ्यासाठी?” असे विचारतो आणि त्या प्रश्नात आपल्या पौरुषाची उलटतपासणी असते. आरसीसीबी मात्र मी पहिल्या झटक्यात वायरमनवर सोपवला. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारे ते उपकरण स्वतः बसवून ते चालते की नाही हे स्वतःवरच पडताळण्याची मला इच्छा नव्हती. फरश्यांच्या सांध्यांमध्ये एपॉक्सी, म्हणजे पाणी न झिरपू देणारा रासायनिक भराव, भरणे मी स्वतःकडे घेतले. त्याबद्दल पुढे येईलच. नहाणी ट्रॅप प्लंबरकडे गेला, खिडकीभोवतीची भेग गवंड्याकडे गेली, आणि सहावी बाब तेवढी कोणाकडेच जाईना. ती अहवालात अशी लिहिली होती : ‘स्नानगृहाच्या खिडकीबाहेरील छज्ज्यावर वनस्पतीची वाढ.’

ही वनस्पती म्हणजे वीतभर उंचीचा पिंपळ. पक्षी फळे खातात, बी छज्ज्याच्या फटीत पडते, ड्रेनेजच्या पाइपाला ओल असतेच, आणि पावसाळा संपेपर्यंत मूळ प्लास्टरच्या मागे शिरलेले असते. रोप वरून छाटले तर ते अधिक जोमाने फुटते. मूळ काढायला प्लास्टर फोडावे लागते. आता सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट म्हटले आहे की बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती या साऱ्यांची दुरुस्ती संस्थेने करायची, आणि आतल्या संडास-सिंकच्या गळतीचा खर्च सदनिकाधारकाने करायचा. मी हे सचिवांना दाखवले. ते म्हणाले, “भिंत संस्थेचीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण रोपापर्यंत हात तुमच्याच खिडकीतून पोहोचतो.” शिवाय १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, याचीही त्यांनी मला जाणीव करून दिली आणि अर्जाची एक प्रत संस्थेकडे द्यायला सांगितले.

मग मी तज्ज्ञ बोलावले. प्लंबरने खिडकीतून डोके बाहेर काढून, “साहेब, पाइपातून उगवलं असतं तर माझं होतं,” असा निवाडा दिला. गवंड्याला मूळ खणायला हरकत नव्हती, पण चौथ्या मजल्यावर बाहेरून काम म्हणजे परांची हवी, आणि परांची बांधायची तर एका रोपासाठी न बांधता सबंध भिंतीला रंग काढावा असे त्याचे मत पडले. संस्थेच्या माळीबुवांनी सांगितले की त्यांना पगार झाडे जगवण्याचा मिळतो. ही चर्चा चालू असतानाच तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा दारातून आत आले. अण्णा बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि इमारतीत कोठेही दोनपेक्षा अधिक माणसे जमली की त्यांना ते कळते. त्यांनी चप्पल काढली, स्नानगृहात गेले, खिडकीतून पाहिले आणि हात जोडले.

“पिंपळ आहे,” अण्णा म्हणाले.

“हो. काढायचा आहे.”

“पिंपळ तोडत नाहीत.”

“तोडत नाही अण्णा, उपटतोय.”

“ते तर त्याहून वाईट. आणि शनिवारखेरीज पिंपळाला शिवत नाहीत. आज वार कोणता?”

“गुरुवार. मग शनिवारी उपटू.”

“शनिवारी शिवायचं ते पूजेसाठी. आणि पिंपळावर मुंजा असतो, हे तर तुम्हाला ठाऊकच असेल.”

“अण्णा, हे रोप वीतभर आहे हो!”

अण्णांनी माझ्याकडे अतिशय करुणेने पाहिले आणि म्हणाले, “मुंजाही लहानच असतो.”

या युक्तिवादापुढे गवंड्याने थापी पिशवीत घातली. मी चिडून विचारले की मुंजा जर छज्ज्यावर राहतो, तर त्याच्याकडून संस्था काही शुल्क का घेत नाही? मला वाटले होते की अण्णा हसतील. पण त्यांची पस्तीस वर्षे हिशेबात गेलेली. ते विचारात पडले. भाडेकरू ठेवल्यास सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत ना-वहिवाट शुल्क लावता येते, पण ते सभासद स्वतः राहत नसेल तरच. येथे सभासद, म्हणजे मी, आत राहतोच आहे. शिवाय छज्जा चटईक्षेत्रात मोजत नाहीत, तेव्हा वहिवाट कशाची म्हणायची? “तो अतिथी धरावा लागेल,” असे त्यांनी शेवटी ठरवले. प्लंबर अत्यंत गंभीरपणे मान हलवत होता. मग अण्णांनी दुसरा मार्ग सुचवला : मूळ न दुखावता रोप काढावे, कुंडीत लावावे आणि एखाद्या देवळाच्या आवारात नेऊन ठेवावे. मूळ न दुखावता म्हणजे छज्जा दुखावून. छज्जा फोडायचा तर अभियंत्याचे पत्र. पत्रासाठी व्यवस्थापक समितीचा ठराव. “ठराव मी मांडतो,” अण्णा म्हणाले, “अनुमोदक तुम्ही व्हा,” आणि चहा घेऊन गेले. गवंड्याने खिडकीची भेग न भरताच भेटीचे तीनशे रुपये घेतले, कारण त्याचा दिवस मोडला होता.

येथवर मीही हसत होतो. पण माझ्या दिवाणखान्याच्या गच्चीकडील कोपऱ्यात गेल्या चार पावसाळ्यांपासून ओल आहे, तिथले प्लास्टर फुगून सुटले आहे आणि आतली सळई लालभडक दिसते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेते आणि वरचे काँक्रीट आतून ढकलून फोडते, हे अभियंत्यांनीच सर्वांना समजावून सांगितले. अहवालात ही बाब आहे. ती संस्थेच्या यादीत आहे आणि तिच्यापुढे ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ असे लिहिले आहे. म्हणजे माझ्या डोक्यावर पडू शकणाऱ्या गोष्टीला मुदत नाही, आणि माझ्या पायाखालच्या फरशीच्या सांध्याला १५ दिवस. सचिवांना हे विचारले तर ते म्हणतात की गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती थांबवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, काढून नव्याने करायचा म्हणजे सर्वांनी वर्गणी द्यायची, आणि खालच्या मजल्यांचे म्हणणे असे की गच्ची त्यांच्या डोक्यावर नाही. पायाचा खर्च निघाला तेव्हा आम्ही वरच्यांनी असे म्हटले नव्हते.

राहता राहिले सांधे. ते मी खरोखरच स्वतः केले, आणि चांगले केले. हॅकसॉच्या तुटक्या पात्याने जुने, काळे पडलेले पांढरे सिमेंट खरवडून काढले, एकेक रेघ ब्रशने झाडली, दिवसभर कोरडी होऊ दिली आणि मग एपॉक्सीचे दोन भाग कालवून चारचार फरश्यांपुरतेच भरत गेलो, कारण ते मिश्रण तासाभरात दगड होते आणि फरशीवर राहिलेला साका वेळीच ओल्या स्पंजाने पुसला नाही, तर कायमचा मुक्काम करतो. नहाणीत बोळा घालून २४ तास पाणी साठवून ठेवले. खालच्या काकूंच्या छतावर थेंब उतरला नाही. त्यांनी स्वतः तसे सांगितले, जरा निराश होऊनच.

पूर्ततेचा अर्ज भरताना मी ‘स्वतः’ या रकान्यात अभिमानाने बरोबरची खूण केली. तो परत आला. स्वतः केलेल्या कामाला परवानाधारक प्लंबरचा दाखला जोडावा, अशी तळटीप होती. प्लंबरला फोन केला. काम केले तर जे घेतो तेच दाखल्याचे घेईन, असे त्याने सांगितले आणि ते मी मान्य केले.

“येतो मग रविवारी,” तो म्हणाला, “पण साहेब, सही करायची म्हणजे आत नीट भरलंय की नाही ते दिसायला हवं. दोन-चार फरश्या काढून बघाव्या लागतील.”