"दोन रट्टे द्या, डिप्रेशन पळून जाईल" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की सोलापुरातल्या ग्रुपांवर तो मेसेज परत फिरायला लागतो. "आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं, ही सगळी नाटकं, मोबाईल काढून घ्या, दोन रट्टे द्या, डॉक्टरकडे नेलं तर गोळ्यांची सवय लागते, आणि आत्महत्येचा विषय घरात काढूच नका, नाहीतर पोरांच्या डोक्यात भरतं." लोक चांगल्या मनाने पुढं पाठवतात, म्हणूनच मला जास्त काळजी वाटते.

आमच्या वेळी नव्हतं? होतं की. कुणी बाहेरची बाधा म्हणायचं, कुणी देवऋष्याकडं न्यायचं, आणि पोरगं गेलंच तर अपघात झाला म्हणून सांगायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 10 ते 19 वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. म्हणजे 60 पोरांच्या वर्गात आठ-नऊ जण.

नाटकं म्हणायच्या आधी नीट बघा. या वयात डिप्रेशन नुसतं रडण्यातून नाही तर चिडचिडीतून, झोपेतून, अंगदुखीतूनपण दिसतं. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका ओळखीच्या घरात पोरीचं रोज शाळेच्या वेळेला पोट दुखायचं, सोनोग्राफी नॉर्मल, सगळे म्हणाले बहाणा आहे. तिच्या आईच्या लक्षात आलं की डबा तसाच परत येतोय, आवडीची शेंगाचटणी-भाकरीपण शिवलेली नाही, मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्यात. तिनं समोर बसवून उलटतपासणी घेतली नाही, विड्या वळता वळता शेजारी बसवून एवढंच विचारलं, "बाळा, शाळेत कोण त्रास देतंय का?" पोरगी लगेच बोलली नाही, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलली. असं दोन आठवडे चाललं की थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

रट्ट्यांनी पोरगं गप्प होतं, बरं होत नाही. मोबाईलला रात्रीची वेळ ठरवा, पण हिसकावून घेतला तर ज्या एका दोस्ताशी तो बोलतो तोपण तुटतो.

गोळ्यांचं म्हणाल तर प्रत्येकाला त्या लागतच नाहीत, बऱ्याच जणांचं समुपदेशनाने भागतं. आणि डिप्रेशनवर नेहमी देतात त्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, फक्त गुण यायला काही आठवडे जातात आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायच्या नसतात. आपल्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथं जाण्यात लाज कसली?

सगळ्यात घातक शेवटचा मुद्दा. विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट पोराला वाटतं चला, कुणीतरी ऐकतंय. सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का तुला?" हो म्हणाला तर ओरडू नका, देवाची शपथ घालू नका, त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं-कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटत असेल तर सरळ 108 लावा.