कोपऱ्यातला विन्स कार्टर

आमच्या रविवारच्या बास्केटबॉल ग्रुपवर दर दोनेक महिन्यांनी एक वाद ठरलेला असतो. एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, लेब्रॉन जेम्सनं आता थांबावं की नाही. परवा तो पुन्हा पेटला आणि अपेक्षेप्रमाणे कुणीतरी जुने क्रिकेटपटू विजय मर्चंटना मध्ये ओढलं. लोक 'का थांबतोस?' विचारतात तेव्हाच थांबावं, 'कधी थांबतोस?' विचारायची पाळी आणू नये. त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं हे वाक्य आपल्याकडे सचिनच्या वेळी आलं, धोनीच्या वेळी आलं, आता लेब्रॉनची पाळी.

पूर्वी मला हे वाक्य फार आवडायचं. हल्ली ऐकलं की डोकं फिरतं. ग्रुपवर लिहायला गेलो तर सगळे म्यूट करतील, म्हणून इथे लिहितोय. आणि लेब्रॉनबद्दल लिहीत नाही. तो चाळिशीतही संघाचा मोठा आधार राहिला, त्याचा हिशेबच वेगळा. मला बोलायचंय ते ज्याच्या हातून एकेक गोष्ट सुटत गेली आणि तरी जो मैदानात राहिला त्याच्याबद्दल. विन्स कार्टरबद्दल.

ज्यांनी त्याला ऐन भरात पाहिलेलं नाही त्यांना सांगणं अवघड आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ओकलंडला डंक स्पर्धा झाली, म्हणजे उडी मारून बॉल वरून थेट रिंगमध्ये कोंबायची स्पर्धा. त्यात हा माणूस रिंगमध्ये कोपरापर्यंत हात घालून लटकला होता. त्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यानं फ्रान्सच्या फ्रेडरिक वाइसच्या अक्षरशः डोक्यावरून उडी मारून डंक केला. वाइसची उंची दोन मीटर अठरा सेंटिमीटर! फ्रेंच पत्रकारांनी त्या डंकला 'मृत्यूचा डंक' असं नाव दिलं. मी तो सायबर कॅफेत बघितला, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत, तासाचे पैसे मोजून. व्हिडिओ तीनदा अडकला. चौथ्यांदा पूर्ण दिसला तेव्हा शेजारच्या कॉम्प्युटरवर रेल्वेचं रिझर्वेशन बघणारे काकाही खुर्ची सरकवून आले.

अशा खेळाडूचं भांडवल म्हणजे गुडघे. २००२ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो पंचविशीचा होता. तिशीत हा संपणार, असंच बहुतेकांना वाटलं. मलाही. त्यात टोरोंटो रॅप्टर्सशी, म्हणजे त्याच्या संघाशी, बिनसलं. डिसेंबर २००४ मध्ये रॅप्टर्सनी त्याला न्यू जर्सीला देऊन टाकलं. आधीच्या काळात आपण नेहमीच पूर्ण जोर लावला नव्हता, असं त्यानं नंतर टीव्हीवरच्या मुलाखतीत कबूलही केलं. टोरोंटोच्या लोकांनी ते मनात ठेवलं. पुढची कित्येक वर्षं तो तिथे पाहुणा म्हणून खेळायला गेला की त्याच्या हातात बॉल आल्याबरोबर अख्खं स्टेडियम हुर्यो उडवायचं. लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मग उतरण लागली. ऑर्लँडोत २०१० मध्ये तो अंतिम फेरीच्या दारापर्यंत गेला, पण बोस्टनविरुद्धच्या मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्याचे दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता टाकायचे शॉट, हुकले. पुढे थोडे दिवस फीनिक्स. मग डिसेंबर २०११ मध्ये डॅलस, आणि डॅलसनं विजेतेपद जिंकलं होतं त्याच वर्षीच्या जूनमध्ये. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पण माझ्या मते खरा विन्स कार्टर डॅलसमध्येच सुरू होतो. एकेकाळी सामन्याला सत्तावीस गुणांची सरासरी असलेला माणूस बेंचवर जाऊन बसला. २०१३-१४ च्या हंगामात तो ८१ सामने खेळला आणि त्यातल्या एकाही सामन्यात तो सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचात नव्हता. वॉर्म-अपचा शर्ट घालून बसायचं, कोचनं बोट केलं की उठायचं, वीस-पंचवीस मिनिटं खेळायचं, परत येऊन बसायचं. आणि मैदानात गेल्यावर काय करायचं? कोपऱ्यात उभं राहायचं.

इथे जरा थांबतो, कारण नुसता स्कोअर बघणाऱ्यांना ही गंमत कळत नाही. एनबीएच्या कोर्टावर तीन गुणांची रेषा समोरून पावणेचोवीस फुटांवर असते, पण कोपऱ्यात ती बावीस फुटांवर येते. म्हणजे तिथून शॉट जवळचा. शिवाय कोपऱ्यात चांगला नेमबाज उभा असेल तर त्याच्यावरचा रक्षक मदतीला आत जाऊ शकत नाही. गेलाच, तर बॉल लगेच कोपऱ्यात येतो. त्यामुळे तुम्ही बॉलला हातही न लावता दुसऱ्याला रस्ता मोकळा करून देता. हे काम करायला उडी लागत नाही. कुठे उभं राहायचं, बॉल यायच्या आधी पाय कसे ठेवायचे हे माहीत असावं लागतं, आणि बॉल आलाच नाही तर तोंड वाकडं न करण्याची सवय लागते. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. (आमच्या ग्रुपमधले अण्णा, वय त्रेसष्ट, गेली सात वर्षं हेच करतात. धावत नाहीत. कोपऱ्यातून टाकतात आणि दहातले चार घालतात. मर्चंटांचं वाक्य टाकणारा मुलगा तिशीचा आहे आणि त्याचे दहातले दोन जातात. हे नमूद करून ठेवतो.)

२६ एप्रिल २०१४. सॅन अँटोनिओविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीच्या मालिकेतला, तिसरा सामना, १.७ सेकंद शिल्लक, डॅलस दोन गुणांनी मागे. संघातल्या कॅल्डेरॉननं बाहेरून पास दिला तो कोपऱ्यात, विन्सकडे. त्यानं शॉटचा नुसता आव आणला, समोरचा जिनोबिली उडाला, तो खाली येईपर्यंत यानं शांतपणे बॉल सोडला. १०९-१०८. तेरा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, फिलाडेल्फियात मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्याचा शेवटचा शॉट त्याच्याच हातात होता. तो हुकला आणि टोरोंटो एका गुणानं हरलं. त्या दिवशी सकाळी तो स्वतःच्या पदवीदान समारंभाला जाऊन आला होता, म्हणून लोकांनी त्याला वर्षानुवर्षं बोल लावला. चोविसाव्या वर्षी अंगात सगळं असताना जे जमलं नाही ते सदतिसाव्या वर्षी गुडघे गेल्यावर जमलं. 'वेळेवर' थांबला असता तर त्याच्या नावावर फक्त तो पहिला शॉट राहिला असता.

आणि टोरोंटोशी भांडणही तसंच राहिलं असतं. १९ नोव्हेंबर २०१४ ला तो मेम्फिसकडून तिथे खेळायला गेला. पहिल्या टाइमआउटला पडद्यावर त्याची जुनी क्षणचित्रं लावली. सुरुवातीला नेहमीची हुर्यो झाली, मग ती विरत गेली आणि लोक उभे राहिले. विन्स शर्टानं डोळे पुसत होता. दहा वर्षांचं भांडण मिटायला तो माणूस दहा वर्षं खेळत राहावा लागला. पुढे २०२४ मध्ये रॅप्टर्सनी त्याची १५ नंबरची जर्सी निवृत्त केली, म्हणजे तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं; क्लबच्या इतिहासातली ही पहिली.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अण्णाच मला फोन करतील. थांबणं लांबवल्यानं संघाचं नुकसान होतं का? होतं. कोबी ब्रायंटच्या शेवटच्या हंगामात त्याचा संघ लेकर्स १७ सामने जिंकला आणि ६५ हरला. अख्खं वर्ष त्याच्या निरोपसमारंभात गेलं. शेवटच्या रात्री त्यानं ५० शॉट घेऊन ६० गुण केले. टाळ्या मीही वाजवल्या, पण तो संघाचा हंगाम नव्हताच. विन्सनं हे कुणाकडे मागितलं नाही. विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठीसाठी एखाद्या बलाढ्य संघाच्या बेंचच्या टोकाला जाऊन बसणंही त्याला नको होतं. त्याला मिनिटं हवी होती. म्हणून सॅक्रामेंटो, म्हणून अटलांटा. हरणारे, पोरसवदा संघ. अटलांटात ज्याच्या हाताखाली तो खेळला त्या ट्रे यंगचा जन्म विन्स एनबीएत निवडला गेला त्यानंतर तीन महिन्यांनी झालाय!

२००३ चा ऑल-स्टार, म्हणजे निवडक नामवंत खेळाडूंचा, सामना अटलांटातच होता. प्रेक्षकांच्या मतांनी पहिल्या पाचात निवडलेल्या विन्सनं ऐन वेळी आपली जागा मायकेल जॉर्डनला दिली. आधी आढेवेढे घेतले होते, दबावही बराच होता. पण दिली. जॉर्डनला चाळीस पूर्ण व्हायला आठ दिवस होते.

त्याच इमारतीत सतरा वर्षांनी, ११ मार्च २०२०. आपल्याकडे १२ तारखेची सकाळ, मी चहा घेऊन मोबाईलवर बघत होतो. अटलांटा विरुद्ध न्यूयॉर्क, दोन्ही संघ तळाचे. मध्येच बातमी आली की एका खेळाडूला कोरोना झालाय आणि एनबीए बंद होतेय. अटलांटाचे १५ सामने बाकी होते, ते कधी होणार, होणार की नाही, कुणालाच सांगता येत नव्हतं. ओव्हरटाइममध्ये सामना हातचा गेलेला. लोकांनी विन्सच्या नावाचा घोष सुरू केला आणि कोच लॉईड पिअर्सनी त्याला शेवटच्या वीसेक सेकंदांसाठी आत पाठवलं. बॉल त्याच्याकडे आला. त्रेचाळीस वर्षांच्या माणसानं समोरून तीनचा शॉट टाकला. गेला.

तेवढंच. पुढे ऑर्लँडोत हंगाम सुरू झाला तो २२ संघांचा, त्यात अटलांटा नव्हतं. २२ हंगाम, १५४१ सामने, विजेतेपद शून्य. हा शेवटचा हंगाम, हे त्यानंच आधी सांगून ठेवलं होतं; शेवटचा सामना कोणता, याचा मात्र एका विषाणूनं परस्पर निकाल लावला.

रविवारी सकाळी सातला कोर्टवर. अण्णांच्या कोपऱ्यात कुणी उभं राहू नका.