एक डिस्क, छप्पन्न कामं

डिस्क गॉल्फसाठी, म्हणजे चकती फेकत फेकत टोपलीपर्यंत न्यायच्या खेळासाठी, फेअरवे ड्रायव्हर (मध्यम-लांब फेकीची डिस्क) घ्यायचा ठरवलाय? तोही अष्टपैलू? छान. सरळ म्हटलं की सरळ जाईल, डावीकडे म्हटलं की डावीकडे, आणि वाटेत झाड आलं तर स्वतःहून बाजूला होईल. आपल्याला जे जमत नाही ते प्लॅस्टिकनं करून दाखवायला नको? पैसे कशाचे मोजतोय मग आपण!

तर पहिलं पथ्य म्हणजे डिस्क फेकून बघायची नाही. तिच्यावरचे आकडे वाचायचे. स्पीड (वेग), ग्लाइड (तरंगणं), टर्न (वेगात असताना उजवीकडे वळणं), फेड (वेग मंदावल्यावर डावीकडे उतरणं). दिशा अर्थात उजव्या हाताच्या बॅकहँडच्या, म्हणजे हात छातीसमोरून नेऊन केलेल्या फेकीच्या. लेपर्ड नावाची डिस्क ६, ५, -२, १. टीबर्ड नावाची ७, ५, ०, २. झाली पत्रिका तयार. डिस्क पुरेशा वेगानं आणि भरपूर फिरकीनिशी सुटली तरच हे आकडे खरे ठरतात, पण एवढ्या तेवढ्या अटीकडे कोण बघतो?

फेअरवे ड्रायव्हरचा स्पीड साधारण ६ ते ९ असतो असं जाणकार सांगतील. सांगू देत. तुम्ही १२ स्पीडची डिस्ट्रॉयर उचला. १२ म्हणजे ६ च्या दुप्पट, तेव्हा जाणारही दुप्पट लांब. साधं गणित आहे. स्पीडचा आकडा म्हणजे डिस्क किती वेगानं फेकावी लागेल त्याची मागणी, असं कुणी म्हणालंच तर विषय बदला. हात तेवढा वेगवान नसेल तर टर्न येतच नाही, फेड मात्र न बोलावता लगेच येतो आणि उजव्या हाताचा बॅकहँड थेट डावीकडच्या झुडपात शिरतो. असो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.

वजन? सगळ्यात जड. १५० ग्रॅमची डिस्क हळू हातालाही झेपते, म्हणजे ती लाजिरवाणीच. १७५ ग्रॅमची घ्या. रंग गवताचा. डिस्कवर नाव आणि फोन नंबर लिहू नका, उगाच कुणीतरी परत आणून देईल.

आता एका धोकादायक जमातीबद्दल. ही माणसं वर्षानुवर्षं एकाच मोल्डशी, म्हणजे एकाच साच्यातल्या डिस्कशी, संसार करतात. साध्या प्लॅस्टिकची डिस्क झाडांवर आपटून आपटून झिजते, हळूहळू अंडरस्टेबल होते, म्हणजे आणखी उजवीकडे वळायला लागते. हे लोक ती टाकून देत नाहीत. नवी डावीकडे उतरायला, निम्मी झिजलेली सरळ जायला, पार म्हातारी उजवीकडे वळवायला, अशा एकाच जातीच्या तीन डिस्क बाळगतात. वर लेपर्डची बाहेरची कड खाली झुकवून हायझरवर सोडतात. ती हवेत आपली आपण सपाट होते आणि सरळ निघून जाते. किती कंजूषपणा! तुम्ही तीन वळणांना तीन वेगळ्या कंपन्यांच्या सहा डिस्क घ्या. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण बॅग कशी भरलेली दिसते!

१९८३ साली इनोव्हा या डिस्क बनवणाऱ्या कंपनीची ईगल आली आणि खास गॉल्फसाठी तिरक्या कडेची डिस्क मिळू लागली. त्याआधीचे लोक साध्या फ्रिस्बीवर खेळायचे. बिचारे. फेक चुकली तर डिस्क बदलायचीसुद्धा सोय नव्हती.

वाऱ्याचं लक्षात असू द्या. समोरून आला की तीच डिस्क जास्त अंडरस्टेबल वागते, मागून आला की लवकर खाली बसते. हे ठाऊक असूनही दोष डिस्कलाच द्यायचा. फेकता येईना, वारा वाकडा.

एवढं करूनही मन भरलं नाही, तर एखाद्या सकाळी मोकळ्या मैदानावर चक्कर मारा. तिथे कुणीतरी एकटाच एक विटकी डिस्क पन्नास वेळा फेकताना दिसेल: कधी सरळ, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. त्याला डिस्कचं नाव विचारा आणि आल्या पावली परत फिरून तीच मागवा. कशी धरता, एवढं मात्र चुकूनही विचारू नका. तो दाखवायला लागेल.